छतातली लोकर

१२ मार्च

अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली. सॅपरमध्ये, नदीवर दिवसात पूल टाकणारी आमची पलटण. आणि आज पोटच्या पोरीनं सांगितलं, "बाबा, साइटवर तुम्ही फक्त बघायचं. कुणाला काही सांगायचं नाही." फक्त बघायचं म्हणे! मी काय जत्रेतला पाळणा बघायला आलोय?

शिवांजली अशीच आहे, तोंडावर बोलणारी. आईवर गेली. तिची आई, म्हणजे आमच्या शालूबाई, म्हणतात बापावर गेली. असो.

सगळं तारीखवार लिहून ठेवतो, उद्या कुणी विचारलं तर पुरावा पाहिजे. निवृत्तीनंतर मी नऊ वर्षं मिरजेच्या एका हॉस्पिटलात सिक्युरिटी सुपरवायझर होतो. तिथले वॉर्डबॉय, आया, गार्ड, लॅबमधली माणसं अशा चोवीस जणांनी मिळून गृहनिर्माण संस्था काढली. मी चेअरमन. विश्रामबागेकडून मिरजेला जाताना आत वळलं की आमचा प्लॉट. तीन मजले, मजल्याला आठ घरं. ह्यातली निम्मी माणसं रात्रपाळीची. म्हणजे दुपारी सगळं जग तापतं तेव्हा ह्यांना झोपायचं असतं. एप्रिलात स्लॅबखाली दुपारी दोन वाजता झोपून बघावं एकदा. आयसीयूमधली आया पल्लवी अंगावर ओला टॉवेल घेऊन पडते आणि तो वाळला की जागी होते. एसी लावला तर लाइटबिल कोण भरणार?

शिवांजली आर्किटेक्ट. ती म्हणते, घरच असं बांधू की यंत्र लागणार नाही. भिंती आतून पोकळ. जिना आणि न्हाणीघरं पश्चिमेला, म्हणजे ऊन ती खातील. झोपायच्या खोल्या उत्तर-पूर्वेला. आणि वरच्या स्लॅबखाली मेंढीची लोकर. लोकर ऐकल्यावर वॉर्डबॉय तानाजी भर सभेत हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "सुभेदारसाहेब, लोकर गारठ्याला का उन्हाला? आमी काय येडं हाय व्हय?" मला उत्तर येत नव्हतं. मी मोठ्यानं म्हटलं, "टेक्निकल मॅटर आहे, बसा." बसला.

ठरलं ते असं. प्लॉटवर आधी एक नमुना खोली बांधायची. ४ मेला सर्वसाधारण सभा. खोली सभासदांना पटली तर पोरीचा आराखडा, नाहीतर ऋषिराज कंत्राटदाराचा तयार नकाशा, काड्यापेटीवर काड्यापेटी. तिची ही पहिली इमारत. हरली तर पुण्याच्या मोठ्या ऑफिसात दुसऱ्याच्या जिन्यांच्या रेघा ओढत बसणार. तिथून बोलावणं आलेलंच आहे. हे तिनं मला सांगितलं नाही, शालूला सांगितलं.

१६ मार्च

कवठेमहांकाळच्या पुढं एका वस्तीवर गेलो होतो, भामाबाईकडं. नवरा ज्योतिबा मेंढरं घेऊन रानात. भामाबाई साठीची, आवाज खणखणीत. हिच्या सासूच्या हातची घोंगडी कडेगावपर्यंत जायची म्हणे. आता मागे लागूनही कुणी घेत नाही.

"वरसातनं दोनदा कातरायची आन बांधाला टाकायची. पावसात कुजती. लय जीवावर येतं, पर करायचं काय?" भामाबाई म्हणाली.

पोरगी तिच्यासमोर फतकल मारून बसली आणि मुठीत लोकर घेऊन दाबत राहिली. मग म्हणाली, ही धुऊन, पिंजून, कीड लागू नये म्हणून टाकणखाराच्या पाण्यातून काढून दोन बोटं जाडीच्या गाद्या थापायच्या, आणि त्या छताला लावायच्या. भामाबाईच्या वस्तीवरच्या आठ बायका करतील.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "भामाबाई, लोकर उन्हाला कशी चालंल?"

"आवं सुभेदार, मेंढरू दिसभर उन्हातच चरतंय न्हवं? लोकर नसती तर भाजून निघालं असतं की!"

हे मला सभेत का सुचलं नाही? येताना जीपमध्ये मी पोरीला म्हटलं, मला हे आधीपासून ठाऊक होतं. ती खिडकीबाहेर बघत हसली.

२४ मार्च

गवंड्याशी वाजलं. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची, हे त्याला पटेना. "भिंत का पिंजरा?" मी त्याला फौजी भाषेत दोन शब्द सुनावले. तो थापी टाकून निघाला. पोरीनं मागं धावत जाऊन त्याला आणला, चहा पाजला आणि चार विटांची भिंत स्वतः रचून दाखवली. नंतर माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

तानाजी येऊन म्हणाला, "बाप चेअरमन, लेक आर्किटेक. चाललंय ते बरं चाललंय." असल्या बोलण्याला मी भीक घालत नाही. तरी तीन वेळा साइटवर चकरा मारल्या. घरी बसवत नाही. शालू म्हणते, पायाला भिंगरी बांधलीय का?

२९ मार्च

शिवांजली दहा दिवस पुण्याला गेली, त्या ऑफिसचं काहीतरी काम निम्म्यावर आहे ते संपवायला. जाताना माझ्या हातात एक कागद दिला. "बाबा, हा भामाबाईंना वाचून दाखवा. एकेक ओळ. महत्त्वाचं आहे." मी घडी घालून खिशात ठेवला. भामाबाई जन्मल्यापासून लोकरीत. तिला मी काय वाचून दाखवणार? आजीला अक्कल शिकवण्यातला प्रकार.

दुपारी भामाबाईचाच फोन. "आवं सुभेदार, गाद्या थापून झाल्या, टाकणखारातनं काढल्या, वाळल्या. आता खळ द्यायची का न्हाई? ताईंचा फोन लागंना."

खळ म्हणजे चिंचोके भाजून, दळून, शिजवून केलेली. घोंगडीला ती कुंच्यानं चोळतात, मग घोंगडी ताठ उभी राहते आणि पावसाचं पाणी अंगात घेत नाही. आमच्या कोरेगावकडं लहान पोरालाही हे माहीत.

मी म्हटलं, "हे काय विचारणं झालं? खळ नसलेली घोंगडी म्हणजे पोतेरं. द्या दाबून."

"ताई काय म्हणत्याल?"

"ताईचा बाप सांगतोय न्हवं?"

एक निर्णय तरी आज माझ्या तोंडून झाला. बरं वाटलं. पोरीला बारीकसारीक गोष्टी कळवून तिचं डोकं खायचं नाही असं ठरवलं आहे.

३ एप्रिल

गाद्या टेम्पोनं आल्या. अशा कडक की बोटानं वाजवल्या तर टकटक वाजतात. एक नंबर माल! लाकडी पट्ट्या मारून छताला लावल्या, खालून बांबूची चटई. सुताराला मी फक्त दोनदा सूचना दिल्या.

फोनवर पोरीनं विचारलं, सगळं कागदाप्रमाणं ना? मी म्हटलं, ओके रिपोर्ट.

९ एप्रिल

मुद्दाम आकडे लिहितो. दुपारी तीन. बाहेर सावलीत एकोणचाळीस. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्रेचाळीस. नमुना खोलीत तेहतीस! मी थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. पुन्हा तेहतीस.

पोरगी पुण्याहून थेट साइटवर आली. बॅग खांद्यालाच. आत आली, भिंतीला हात लावला, मग छताखाली हात वर करून उभी राहिली. मी म्हटलं, "काय मॅडम, पास का नापास?" तर तिनं येऊन माझ्या दंडावर डोकं टेकलं. नववीनंतर पहिल्यांदाच असेल. मला काय करावं कळलं नाही, मी थर्मामीटर वाचत राहिलो.

सकाळी पल्लवी रात्रपाळी संपवून आली होती. म्हणाली, "काका, हितं जरा पडू का?" चटई टाकून दहाला झोपली ती तीनला उठली. मीच उठवली, नाहीतर तिचा पोरगा शाळेतनं येऊन दाराशी बसला असता. उठल्यावर तिला दिशाच कळेना. "एवढी झोप मला बाळंतपणात बी लागली न्हवती," म्हणाली.

४ मेची लढाई आपण जिंकली.

१५ एप्रिल

काल वळवाचा पाऊस, आज उकाडा. खोलीत कुबट वास येतो. वरती खसखस ऐकू आली. उंदीर असेल एखादा. मिरजेत उंदरांची काय कमी आहे? पोरीला सांगितलं नाही, ती सभेची चित्रं काढते आहे.

१७ एप्रिल

दोन असतील. पिंजरा लावला. पिंजऱ्यातल्या भज्याला तोंडही लावलं नाही त्यांनी. वर त्यांना भज्यापेक्षा काय चांगलं मिळतंय कुणास ठाऊक.

२० एप्रिल

हे लिहायला नको वाटतं. तरी लिहितो, नियम म्हणजे नियम.

सभासदांची पाहणी होती. एकोणीस जण आले. पोरीनं नवी साडी नेसली होती. दार लावून तिनं सगळ्यांना पाच मिनिटं गप्प बसवलं, म्हणाली, काही ऐकू नका, नुसता गारवा बघा. खरंच कुणाच्या कपाळावर घाम नव्हता. लॅबमधले म्हातारे हरिबा तर डुलकी काढायला लागले. शालूनं चहा आणला होता. तानाजी कप घेऊन मधोमध उभा, काढायला एखादी तक्रार शोधत होता, पण सापडत नव्हती.

तेवढ्यात वर खसखस झाली, बांबूची चटई त्याच्या डोक्यावरच फाटली, आणि उंदराचं अख्खं घरटं खाली आलं. लोकरीचा गोळा आणि त्यात डोळे न उघडलेली गुलाबी पिल्लं, सहा का सात. दोन तानाजीच्या खांद्यावर. एक चहात. मागनं आई उंदरीण पट्टीवरनं पळाली, ती हरिबांच्या टोपीवरनं. आणि लेंड्या! आणि कसर, पांढऱ्या अळ्या, भुरभुर भुरभुर.

"अगं आई गं!" "धरा!" "मारू नगा, बाळंतीण हाय!" कोण काय ओरडत होतं पत्ता नाही. अर्ध्या मिनिटात खोली रिकामी. बाहेर तानाजी शर्ट काढून झटकत होता. "मेंढराची घाण डोक्यावर बांधायची आन वर पैसं मोजायचं! धनगरवाड्यात जाऊन ऱ्हावा म्हणावं बापलेकीनं!"

पोरगी आत एकटीच उभी होती. पिल्लं कागदावर गोळा करत होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "बाबा, प्लीज, आत्ता नको."

२१ एप्रिल

तिनं सकाळी स्वतः शिडी लावून सगळ्या गाद्या खाली काढल्या. एक मोडून बघितली. मोडल्यावर कटकन आवाज आला. तिनं बोट ओलं करून गादीवर घासलं आणि बोटांत चिकट लागतंय का बघितलं. मग एकदम खाली बसली. "खळ," म्हणाली. "ह्याला खळ दिलीय. पिठासारखं खाद्य आहे हे. म्हणून उंदीर, म्हणून कसर. टाकणखार सगळा खालीच दबून गेला. आणि लोकर अशी दाबून कडक झाली की हवाच राहिली नाही आत. हिच्यात हवा राहिली असती तर तेहतीसचं एकतीस झालं असतं!"

मी म्हटलं, "उंदीर काय, कुठंही येतात."

तिनं भामाबाईला बोलावून घेतलं. भामाबाई आणि ज्योतिबा एसटीनं दुपारी आले. पोरीनं विचारलं, "भामाबाई, खळ कुणी द्यायला सांगितली?" मी तिथंच उभा होतो.

भामाबाईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "कुणी न्हाई ताई. आमचीच सवय. हात थांबत न्हाई बघा खळ दिल्याबगर."

मग पोरगी माझ्याकडं वळली. "बाबा, तो कागद यांना वाचून दाखवला होता ना?"

"दाखवला," मी म्हणालो.

शब्द तोंडातनं कसा गेला ते मला कळलं नाही. पोरगी कपाळ चोळत म्हणाली, "मग चूक माझीच. मी समोर बसून सांगायला हवं होतं." आणि भामाबाईला सांगितलं, सध्या काम थांबवा. ज्योतिबानं पटका नीट केला, राम राम म्हणाला, आणि दोघं स्टँडकडं चालत गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

२३ एप्रिल

पोरगी पुण्याला गेली त्या दिवशीच्या पँटच्या खिशात कागद शोधला. नव्हता. धुण्यात गेला असेल, बरंच झालं, असं मनात आलं. आज डायरी उघडली तर कागद हिच्यातच, २९ मार्चच्या पानावर, नीट सरळ करून ठेवलेला. मी ठेवला नव्हता. विसरलो असेन.

सहा ओळी आहेत. चौथी ओळ अशी: "खळ अजिबात देऊ नये. ही घोंगडी नाही." खाली लाल रेघ.

शालूला विचारलं, माझ्या वस्तूंना हात लावतेस का? ती भाकरी थापत होती. "तुमच्या वस्तूंचं मला काय पडलंय?" म्हणाली, आणि तव्यावर भाकरी जरा जास्तच जोरात टाकली.

२५ एप्रिल

प्लॉटवर गेलो. परत आलो. पुन्हा गेलो. विश्रामबागेच्या चौकातनं तीन फेऱ्या. गुडघा दुखतो.

खरं सांगायचं तर गोष्ट फार मोठी नाही. चूक म्हणजे चूक, कुणाचीही असो. सांगून काय पालटणार आहे? गाद्या तर गेल्याच. उलट बाप चेअरमन आणि त्यानंच घोळ केला म्हटल्यावर तानाजीला कोलीतच मिळणार. पोरीचंच नुकसान. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हे मी चार वेळा वाचलं. पटत नाही.

२८ एप्रिल

शिवांजलीनं नकाशा बदलायला घेतला. लोकर काढून टाकली. आज म्हणाली, "पोकळ भिंतीही काढते. लोकांचा विश्वासच उडाला असेल तर कशाला हट्ट?" मग थोड्या वेळानं, "ऋषिराजचाच नकाशा बरा म्हणून मीच सभेत सांगते. म्हणजे तुम्हाला मतदान घ्यायची लाज नको." रात्रंदिवस पेन्सिल चालायची तिची. आज टेबलावर पालथी पडली होती.

पुण्याहून फोन आला होता. तिनं १५ मेपासून येते म्हणून सांगितलंय. हेही शालूकडूनच कळलं.

मी न सांगता एसटी धरली आणि भामाबाईच्या वस्तीवर गेलो. आठही बायका बसून होत्या, धुतलेली लोकर चार पोती तशीच. भामाबाईनं तांब्या पुढं केला. पाणी प्यालो आणि विचारलं, "भामाबाई, माझं नाव का घेतलं न्हाई?"

"आवं, तुमी बाप हाय तिचं. लेकीपुढं बापाचं नाव कशाला खाली करायचं?"

"आन तुमचं काम गेलं त्याचं काय?"

"काम काय, बांधाला टाकायची ती टाकू की. बापाला कुठं टाकायचं, सुभेदार?"

मला तिथं रडू आलं. बायकांसमोर. आठ बायका आणि एक कुत्रं. फौजेत दोन माणसं माझ्या हातांवर गेली, तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. ज्योतिबा मेंढरं घेऊन आला आणि माझ्याजवळ बसून राहिला.

३ मे

उद्या सभा. काय बोलायचं ते तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. पहिल्यात खळीचा इतिहासच जास्त होता. दुसऱ्यात तानाजी. तिसऱ्यात मी माझी फौजेतली नोकरी सांगत बसलो होतो. शालूनं तुकडे गोळा करताना विचारलं, "एवढं लांबडं काय सांगायचंय?"

४ मे

सभा हॉस्पिटलच्या मागच्या हॉलमध्ये. बावीस हजर. ऋषिराज कंत्राटदार रंगीत चित्रं घेऊन पुढच्या खुर्चीत. पोरगी मागं, भिंतीला टेकून. हातात एक कागद, ऋषिराजचाच नकाशा घ्या असं त्यात असणार, मला ठाऊक होतं.

ती उठायच्या आत मी उठलो. अध्यक्ष म्हणून पहिलं बोलणं माझंच. टेबल धरून उभा राहिलो.

मी म्हटलं, "छतात उंदीर झाले ते खळीनं. खळ भामाबाईनं मनानं दिली न्हाई. तिनं मला फोन करून इचारलं. मी सांगितलं, द्या. आर्किटेक्टनी लेखी दिलं होतं, खळ देऊ नका. तो कागद मी वाचलाच न्हाई. मला इचारल्यावर वाचून दाखवला म्हणून खोटं बोललो. लोकरीचा दोष न्हाई, धनगराचा न्हाई, पोरीचा न्हाई. माझा हाय." आणि तो सहा ओळींचा कागद टेबलावर ठेवला.

एवढंच. एका मिनिटात संपलं. बारा दिवस उगाच चाललो.

मग तानाजी उठला. मला वाटलं आता हा सोलणार. त्यानं कागद उचलला, चौथ्या ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचला. "म्हंजी," तो म्हणाला, "खळ दिली नसती तर उंदीर आलं नसतं?"

मागनं शिवांजली म्हणाली, "नसते आले. आणि ह्या वेळी बारीक जाळीही मारू." आवाज कोरडा होता.

तेव्हा पल्लवी उठली. ती रात्रपाळीवरून तशीच आली होती, डोळे लाल. "वर उंदीर बाळंत होत होतं तवा खाली मी पाच तास झोपले," ती म्हणाली. "मला दुसरं काय कळत न्हाई. माझं मत त्या खोलीला."

हॉल हसला. हरिबा म्हणाले, माझंही, मी तर उंदीर पडेस्तोवर झोपलोच होतो.

मतदान झालं. पोरीच्या आराखड्याला चौदा, ऋषिराजला सात. मी मत दिलं नाही. अट एकच, खळ न देता नव्या गाद्यांनी खोली पुन्हा करायची आणि पावसाळाभर बघायची. पाया मात्र तिच्याच नकाशानं सुरू.

लोक येऊन माझा हात हलवत होते. "मानलं सुभेदार!" कुणी टाळ्याही वाजवल्या. मी पोरीला शोधलं. ती निघून गेली होती.

५ मे

ती सकाळी समोर येऊन बसली. डोळे सुजलेले. मी म्हटलं, "जिंकलीस की गं."

"बाबा, तुम्ही सभेत सांगितलंत. टाळ्याही मिळाल्या. हे आधी घरात मला एकटीला सांगायला काय झालं होतं? बारा दिवस मी माझीच चित्रं फाडत होते. तुम्ही दाराशी उभे राहून बघत होतात."

मी म्हटलं, "मला वाटलं..." आणि पुढं काही वाटलेलं सापडेना.

"मी पुण्याला नाही म्हणून कळवते," ती म्हणाली. "पण तुम्ही चेअरमन असाल तर मी हे काम करणार नाही. साइटवर एकाच माणसाचा शब्द चालेल, आणि तो माझा."

राजीनामा लिहून दिला. तिच्यासमोरच, उभ्यानं. संध्याकाळी कमिटीनं नवा चेअरमन निवडला, तानाजी. देवा, हेही बघायचं होतं. शालूनं न मागता चहा आणून ठेवला आणि पाठीवरनं एकदा हात फिरवून गेली. तीस वर्षांत असं दिवसाउजेडी तिनं केलेलं नाही.

१० मे

काही नाही. पोरगी "जेवलात का" एवढंच विचारते.

१३ मे

तानाजीचा फोन. "सुभेदार, साइटवर लोकर पिंजायला हात कमी पडत्यात. आर्किटेक मॅडम म्हणल्या, इचारून बघा, यायचं तर मजूर म्हणून या." मी म्हटलं, येतो. भामाबाईच्या हाताखाली लागलो. ती म्हणते, सुभेदार, तुमचा हात लय जड. चार दिवसांत हलका होईल.

१९ मे

आज छताला नव्या गाद्या लावायच्या होत्या. मऊ, हलक्या, हातात घेतल्या तर वजनच लागत नाही. टाकणखाराचा हात मी स्वतः दिलाय, मोजून.

लावण्याआधी शिवांजलीनं सगळ्यांना खोलीत गोळा केलं. गवंडी, सुतार, भामाबाई आणि तिच्या बायका, तानाजी चेअरमन, मी मागं. तिनं सांगितलं की गादी स्लॅबला चिकटवायची नाही, वर चार बोटं जागा सोडायची, दोन्ही बाजूंनी जाळीतनं हवा फिरली पाहिजे, आणि का फिरली पाहिजे तेही सांगितलं. ओल, वाफ, दिवसाची आणि रात्रीची हवा, असं बरंच. भरभर बोलते ती. शेवटी म्हणाली, "कळलं?"

"व्हय ताई." "व्हय मॅडम." सगळ्यांनी माना हलवल्या. तानाजीनं सगळ्यात जोरात. ती पेन्सिल खिशात ठेवून वळली.

माझी मानही हललीच होती. छप्पन्न वर्षं हीच सवय, शाळेत, फौजेत, हॉस्पिटलात. मी हात वर केला.

"मला न्हाई कळलं," मी म्हटलं. "ओल खालून येती का वरनं? पुन्हा सांग."

पोरगी थांबली. माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, बाबा, तुम्ही फक्त बघा.

तेवढ्यात भामाबाई म्हणाली, "खरं सांगू का ताई, मलाबी न्हाई कळलं." सुतार म्हणाला, "मला चार बोटं कळली, फुडचं न्हाई." गवंडी नुसता हसला. तानाजीनं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "माझंबी तसंच हाय."

शिवांजलीनं पेन्सिल पुन्हा काढली. कोऱ्या भिंतीवर छत काढलं, खाली गादी काढली, मधली जागा मोठी करून काढली. मग मला पुढं बोलावलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "बाबा, वाफ कुठनं येईल तिथं बाण काढा," म्हणाली. मी काढला. चुकला. तिनं पुसला नाही, शेजारी बरोबर बाण काढला आणि पहिल्यापासून सांगायला लागली, ह्या वेळी सावकाश.